भाव योग्य मिळाला, पण तास मोजले का?

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियरने पेटच्या मुलाखतीआधी तिचा प्रस्ताव मला वाचायला दिला. नाव होतं, 'फेअर ट्रेड हस्तकला उद्योगाचा विकसनशील देशांतील महिलांच्या दारिद्र्य निर्मूलनावर होणारा परिणाम : एक अभ्यास'. वाचून मला हसूच आलं. साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या प्रस्तावाचं नाव जवळपास हेच होतं, आणि तो घेऊन मी समितीसमोर बसले तेव्हा काय झालं ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

समितीतल्या एका सरांनी फार शांतपणे विचारलं, "या बायका गरिबीतून बाहेर पडल्या हे तुम्हाला कुठल्या आकड्यावरून कळणार?" मी म्हटलं, उत्पन्नावरून. "कशाच्या तुलनेत?" मी म्हटलं, आधीच्या. "आधीचं कोणी लिहून ठेवलंय का?" इथे मी गप्प झाले. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सची, म्हणजे तुलना हेच माझं काम. पण विषय चांगुलपणाचा होता, त्यामुळे प्रश्न विचारायचेच राहून गेले. तुमच्यापैकी बरेच जण असाच एखादा 'चांगला' विषय मनात धरून असतील, म्हणून हा लेख.

आधी फेअर ट्रेड म्हणजे काय ते थोडक्यात. 1946 साली एडना रूथ बायलर नावाच्या अमेरिकन बाई प्वेर्तो रिकोला गेल्या होत्या. तिथल्या गरीब बायकांचं भरतकाम त्यांनी विकत घेतलं आणि अमेरिकेत परतल्यावर ओळखीपाळखीत गाडीच्या डिकीतून विकलं. पुढे त्यातूनच 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही दुकानांची साखळी उभी राहिली. म्हणजे या चळवळीची सुरुवात कॉफी-कोकोपासून नाही, बायकांच्या हातच्या टाक्यापासून झाली. गंमत म्हणजे आज फेअर ट्रेडवरचं बहुतेक आकडेवारीचं संशोधन कॉफीवर आहे. हस्तकलेवर तुलनेने फार कमी.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॉफीला जागतिक बाजारात भाव असतो, त्यामुळे 'इतक्याखाली जायचं नाही' असा किमान भाव ठरवता येतो. भरतकाम केलेल्या पिशवीचा किमान भाव कसा ठरवणार? एकीवर पन्नास टाके, दुसरीवर पाचशे. म्हणून हस्तकलेत बहुतेक वेळा वस्तूला नव्हे, तर ती बनवून घेणाऱ्या संस्थेला मान्यता मिळते. 1989 मध्ये सुरू झालेल्या आणि आता वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेची दहा तत्त्वं आहेत. योग्य मोबदला, बालमजुरी नाही, स्त्री-पुरुष भेदभाव नाही वगैरे. त्यातली एक अट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे : हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरांनी मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. ज्या घरात दोरा-कापड उधारीवर आणावं लागतं तिथे या अटीचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आता माझ्या पायलटकडे येते. मी गेले होते एका तालुक्याच्या गावी, गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटाकडे. गटाचा माल एका संस्थेमार्फत शहरात आणि थोडा परदेशात जायचा. संस्थेच्या ताईंनी सदस्यांची यादी दिली, बसायला खोली दिली, चहा दिला. मी प्रश्नावली काढली. पाचवा प्रश्न होता : 'दिवसाला किती तास काम करता?'

पहिल्या बाईंनी उत्तर दिलं, "वेळ मिळेल तसं."

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, सगळ्यांचं उत्तर हेच. माझ्या रकान्यात मात्र फक्त अंक चालत होता. मग मी 'अंदाजे सांगा' म्हणून मागे लागले, आणि त्यांनी मला बरं वाटावं म्हणून 'दोन-तीन तास' सांगितलं. संध्याकाळी त्यातल्याच एकीच्या घरी जेवायला थांबले तेव्हा बघितलं. दुपारी भांडी झाल्यावर एक तास, पोरं शाळेतून येईपर्यंत अर्धा, रात्री सगळे जेवल्यावर टीव्हीसमोर बसून दोन तास धावदोरा, आणि लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात आणखी थोडं. गोधडीसाठी जुनं लुगडं धुवून, वाळवून, फाटकी कड कापून ठेवणं हे तर ती कामात मोजतच नव्हती. "ते काय काम आहे का ताई?"

हे का महत्त्वाचं, ते साध्या हिशोबात बघू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा एका गोधडीची मजुरी 1,500 रुपये. संस्थेच्या हिशोबात तिला 60 तास लागतात. म्हणजे तासाला 25 रुपये. आता धुणं, कापणं, जोडणं, केंद्रावर नेऊन देणं आणि टाका सैल म्हणून परत आलेली दुरुस्त करणं धरलं, तर समजा 90 तास झाले. दर तासाला सतराच्याही खाली आला. भाव तोच, गोधडी तीच, संस्थाही प्रामाणिक. फक्त भागाकारातला छेद बदलला. आणि महिन्याला एकच गोधडी होत असेल, तर घरात येतात 1,500. पाच माणसांच्या घरात माणशी 300. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा 2025 पासून माणशी दिवसाला 3 डॉलर आहे. हे डॉलर क्रयशक्तीनुसार मोजलेले असतात, बँकेच्या विनिमय दराने गुणायचे नसतात. ही चूक मी प्रबंधांतही पाहिली आहे. पण कसंही मोजा, या 300 रुपयांनी एकट्याने ती रेषा ओलांडली जात नाही. मग 'गरिबीतून बाहेर पडली' हे वाक्य कुठून येतं? बहुतेक वेळा नवऱ्याची मजुरी, शेळी, रेशन आणि ही गोधडी मिळून येतं, आणि श्रेय एकट्या गोधडीला जातं.

हा प्रश्न जुना आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी आंध्रातल्या नरसापूर भागात लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक 1982 मध्ये आलं. संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं माझं मत आहे, विषय कुठलाही असो. क्रोशाचं हे काम त्या भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणलं होतं. मीस तिथे गेल्या तेव्हा माल परदेशी जात होता, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत होत होते, आणि ते बहुतेक सगळे पुरुष होते. विणणाऱ्या बायका रोज सहा ते आठ तास विणायच्या, वर घरकाम. पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि लेस म्हणजे 'फावल्या वेळातलं काम'. फावल्या वेळाला मजुरी थोडीच असते! त्यांची दिवसाची कमाई शेतमजूर बायकांच्या किमान मजुरीच्या कितीतरी खाली होती.

त्यातला मला सगळ्यात टोचलेला भाग वेगळाच आहे. विणणाऱ्यांत कापू जातीच्या बायका पुष्कळ होत्या. घराबाहेर कामाला न जाणं हा त्यांच्या घराण्याचा मान. त्याच भागातल्या दलित बायका उघड्यावर शेतात राबायच्या आणि लेसवालींपेक्षा जास्त कमवायच्या. म्हणजे 'घरबसल्या काम' या गोष्टीची किंमत बाईने स्वतःच्या मजुरीतून मोजली. आता फेअर ट्रेडच्या कुठल्याही माहितीपत्रकात 'महिलांना घरबसल्या रोजगार' हे वाक्य शोधा. ते फायदा म्हणून लिहिलेलं असतं. असेलही फायदा, लहान मूल असलेल्या बाईला तर नक्कीच. पण नरसापूर वाचल्यावर ते वाक्य तुम्हाला सरळ वाचता येणार नाही.

आणि अशा बायका जनगणनेत कामगार म्हणून जवळपास दिसतच नव्हत्या. संशोधकाने जो रकाना केला नाही, त्यातलं माणूस आकडेवारीत नसतं. माझ्या पाचव्या प्रश्नाचं तेच झालं होतं. पुढे मी तो प्रश्नच काढून टाकला. आता 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत' असं विचारते आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता स्वतः भरते. एका बाईला पाऊण तास लागतो. पण उत्तर मिळतं.

आता सरांचा दुसरा प्रश्न : कशाच्या तुलनेत?

'आधी-नंतर' ही तुलना दिसायला सोपी. पण दहा वर्षांत गावात रस्ता आला, मजुरी वाढली, मुलगा कमावता झाला. यातलं काय गोधडीमुळे? 'गटातल्या आणि गटाबाहेरच्या' बायकांची तुलना केली, तर दुसरी अडचण. गटात येणारी बाई आधीच थोडी धीट असते, सासू थोडी समजूतदार असते, नाहीतर ती आलीच नसती. फरक गटाने घडवला की फरक असलेल्या बायकाच गटात आल्या, हे वेगळं काढणं फार अवघड.

सगळ्यात स्वच्छ उत्तर चिठ्ठ्या टाकून मिळतं, म्हणजे कोणाला संधी द्यायची हे योगायोगावर सोडायचं. हस्तकलेत हे झालेलं आहे. डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम उस्मान यांनी इजिप्तच्या नाईल खोऱ्यातल्या फुवा या गावातल्या गालिचे विणणाऱ्या छोट्या कारागिरांबरोबर हा प्रयोग केला. 'एड टू आर्टिझन्स' ही संस्था आणि एक स्थानिक निर्यातदार यांच्यामार्फत काही कारागिरांना, योगायोगाने निवडून, श्रीमंत देशांतल्या ऑर्डरी मिळवून दिल्या, काहींना नाही. निकाल 2017 मध्ये छापून आले. ऑर्डर मिळालेल्यांचा नफा 16 ते 26 टक्क्यांनी वाढला होता.

पण त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट ही : या कारागिरांचं तासाला होणारं विणकाम कमी झालं होतं. तुम्ही फक्त 'तासाला किती चौरस मीटर' एवढंच मोजलं असतं, तर निर्यातीने कारागीर बिघडले असा निष्कर्ष काढून मोकळे झाला असता. संशोधकांनी एका जाणत्या कारागिराकडून गालिच्यांचा दर्जाही तपासून घेतला. दर्जा चांगलाच वाढला होता. मग शंका आली, की जास्त पैसे मिळतात म्हणून ते नुसते सावकाश विणताहेत का? म्हणून त्यांनी दोन्ही गटांतल्या कारागिरांना एकाच जागी, त्याच मागावर, तोच कच्चा माल देऊन, तोच गालिचा विणायला लावला. ऑर्डर मिळालेल्यांचा गालिचा सरस निघाला, आणि त्यांना वेळही जास्त लागला नाही. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या मागण्या पुऱ्या करता करता ते खरोखर शिकले होते. एका शंकेसाठी वेगळा प्रयोग उभा करणं, याला मी संशोधन म्हणते.

मात्र हा अभ्यास पुरावा म्हणून वापरताना जपून. त्यात प्रश्न निर्यातीचा होता, फेअर ट्रेडच्या शिक्क्याचा नव्हता. मोजमापाचं एकक होतं छोटा उद्योग, बाई नव्हे. 'हस्तकलेच्या निर्यातीने महिलांची गरिबी हटते असं सिद्ध झालं' असं वाक्य लिहून खाली याचा संदर्भ दिलात, तर ज्याने तो वाचलाय तो परीक्षक तुम्हाला तिथेच धरेल.

तिसरी गोष्ट ऑर्डरींची. उत्पन्न म्हणजे दर गुणिले नग. फेअर ट्रेडचं आश्वासन दराचं असतं, नगाचं कोणीच देत नाही. बांगलादेशात युद्धानंतर, 1973 मध्ये, 'कोर-द जूट वर्क्स' ही संस्था सुरू झाली. गावातल्या, अनेकदा घरचा कमावता माणूस गमावलेल्या बायका तागाची शिंकी विणायच्या. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात दही-लोणी टांगायला असायचं तेच शिंकं. पश्चिमेकडे तेव्हा गाठी मारून विणलेल्या मॅक्रमेच्या वस्तूंची लाट होती आणि घरोघरी खिडकीत कुंड्या टांगायला असलं काहीतरी हवं असायचं. मग फॅशन ओसरली. शिंकं विणणारीचा टाका तितकाच चांगला राहिला, भावही योग्यच राहिला असेल, पण कुंडी टांगणाऱ्याने दुसरं काहीतरी घेतलं. अशा संस्थांना टोपल्या, पिशव्या, सजावटीच्या वस्तू असं सतत नवं काहीतरी काढत राहावं लागतं ते यामुळेच.

कॉफीवाल्यांचा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. अलँ द जानव्री, क्रेग मॅकिन्टॉश आणि एलिझाबेथ सादुले यांनी ग्वाटेमालाच्या कॉफी सहकारी संस्थांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. भाव चांगला मिळतो म्हणून जास्तजास्त संस्था प्रमाणपत्र घेत गेल्या, फेअर ट्रेडची मागणी मात्र तेवढीच. परिणाम काय, प्रत्येकाची थोडीच कॉफी त्या भावाने खपली, बाकीची साध्या बाजारात गेली, आणि प्रमाणपत्राचा खर्च तर सगळ्यांनाच. फायदा वाटला जाता जाता विरला. हस्तकलेत हे असंच घडतं का? कोणीतरी नीट तपासायला हवं. विषय शोधत असाल तर घ्या, माझी हरकत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी या सगळ्याच्या विरोधात आहे. नाही. मुंबईत 1986 पासून 'मार्केटप्लेस : हँडवर्क ऑफ इंडिया' या नावाने काम चालतं. पुष्पिका फ्रेटस यांनी उभं केलेलं. वस्त्यांमधल्या बायका कपडे शिवतात, भरतकाम करतात, आणि माल अमेरिकेत विकला जातो. या बायकांवर मेरी लिट्रेल आणि मार्शा डिक्सन यांचं 2010 चं अख्खं पुस्तक आहे. त्यात उत्पन्न आहेच, पण एकटीने घराबाहेर पडणं, गटाच्या बैठकीत बोलणं, मुलांच्या शिक्षणाबद्दल घरात स्वतःचं मत चालवणं, याही गोष्टी गंभीरपणे नोंदल्या आहेत. पैशाच्या रकान्यात न बसणारं बरंच काही बाईच्या आयुष्यात बदलतं, आणि तेही पद्धत ठरवून मोजता येतं. माझ्यासारख्या आकडेवाल्यांना हे मान्य करायला जरा वेळ लागतो.

शिवाय पैसे किती याइतकंच ते कोणाच्या हातात पडतात यालाही वजन आहे. मध्य प्रदेशात रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा करवली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. त्या बायकांचं कामावर जाणं वाढलं. अभ्यास हस्तकलेचा नाही, पण तुमच्या प्रश्नावलीत 'मजुरी कोणाच्या खात्यावर येते' ही एक ओळ त्याच्यामुळे यायलाच हवी. माझ्यात ती नव्हती.

आता राहिलेली गोष्ट, जी समितीसमोर सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. पायलटच्या तिसऱ्या दिवशी मी एसटीची वाट बघत थांब्यावर बसले होते. शेजारी एक मावशी होत्या. माझ्या हातातली कागदं बघून म्हणाल्या, "गोधडीवाल्या बायकांचं लिवून घेताय व्हय? मी बी होते की त्या गटात, चार वर्सं." मी विचारलं, सोडलं का? म्हणाल्या, डोळे गेले रात्रीच्या शिवण्याने, आणि पैसे माल विकल्यावर, कधी दोन-दोन महिन्यांनी. सोयाबीन काढायला गेलं की संध्याकाळी हातात पैसे. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या यादीत आमी नसतो का ताई?"

नव्हत्या. माझ्या यादीत फक्त टिकलेल्या बायका होत्या, कारण यादी चालू सदस्यांची होती. कोणी फसवलं नव्हतं, मी तेवढीच मागितली होती. ज्यांचं जमलं त्याच राहतात, आणि मग राहिलेल्यांना विचारून आपण म्हणतो, सगळ्यांचं जमलं. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात हे मी युद्धातल्या विमानांचं उदाहरण देऊन पोरांना शिकवलेलं होतं. थांब्यावर मात्र ओळखायला मावशी भेटाव्या लागल्या. आणि आठवतंय ना, निम्मी रक्कम आगाऊ? ती अट त्या गटापर्यंत पोचली असती तर त्या सोयाबीन काढायला गेल्या असत्या का, हा आता माझ्या प्रबंधाचा एक प्रश्न आहे.

ज्युनियरला मी हे सगळं सांगितलं. तिने शीर्षकातले 'विकसनशील देश' खोडले, 'दारिद्र्य निर्मूलन' खोडलं, आणि वैतागून म्हणाली, "ताई, मग उरलं काय?" उरलं ते असं : एका जिल्ह्यातले दोन गट, गेल्या आठ वर्षांत त्यात आलेल्या सगळ्या बायका, सोडून गेलेल्यांसकट, आणि त्यांचा तासाचा दर. मुलाखत पंधरा दिवसांवर आहे. सध्या ती दोन्ही गटांची जुनी मजुरीची रजिस्टरं कोणाच्या कपाटात आहेत याचा तपास करतेय. एकाचं सापडलंय, अर्ध्या पानांना वाळवी लागलेलं.